समाजमाध्यमांवरील नाममुद्रा (लघुव्यवसायांची)

छोट्या व्यवसायाने फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप यांसारख्या माध्यमांवर छायाचित्रे, चलचित्रे आणि मजकूर सातत्याने देऊन आपल्या मालाची ओळख गिऱ्हाइकाच्या मनात ठसवण्याची रीत. वर्तमानपत्री जाहिरातीहून ती दोन बाबतींत वेगळी आहे. एक तर जागेचे भाडे द्यावे लागत नाही, आणि दुसरे म्हणजे चित्राखालीच गिऱ्हाइकाला उलट विचारता येते. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे मुख्यतः येवल्याच्या पैठणीच्या व्यवहारातून घेतली आहेत; रंग, पोत आणि खरेपणा हे तिन्ही प्रश्न तिथे एकत्र येतात.

संज्ञा : ‘ब्रँड’ या इंग्रजी शब्दाचे मूळ जळते लाकूड या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दात सांगितले जाते, जनावरांना डाग देऊन मालकी दाखवण्याच्या प्रथेतून आजचा अर्थ आला. मराठीत यासाठी ‘छाप’ व ‘मार्का’ हे दोन शब्द बाजारात फार पूर्वीपासून आहेत, तर ‘नाममुद्रा’ हा अलीकडे वर्तमानपत्रांनी रुळवलेला शब्द आहे. मार्का हा शब्द पोर्तुगीज ‘मार्का’वरून आला की इंग्रजी ‘मार्क’वरून, याविषयी दोन मते संभवतात. बटाटा, पगार, चावी असे पोर्तुगीज शब्द किनाऱ्यावरून आत आलेले आहेत आणि मार्कातील अन्त्य ‘आ’ त्या भाषेत मुळातच आहे, त्यामुळे पहिल्या मताकडे झुकता येते. मात्र हिंदीतही हाच शब्द रूढ असल्याने निर्णय घाईने करू नये. अर्थाच्या दृष्टीने ‘छाप’ सर्वांत समर्पक ठरतो. छापाकाट्यातला छापा, अंगठ्याची छाप आणि माणसाची पडणारी छाप या तिन्ही छटा त्यात आहेत. चिन्ह उमटवणे आणि मनावर ठसा उमटणे या दोन्ही क्रियांना मराठीत एकच शब्द पुरतो. शीर्षकात नाममुद्रा हा शब्द केवळ आजच्या लेखनातील रूढीमुळे ठेवला आहे.

उगम : या रीतीचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. तंत्राकडे पाहणारे लेखक तो फेसबुकने व्यवसायांसाठी स्वतंत्र पाने सुरू केली तेव्हापासून (नोव्हेंबर २००७) किंवा इन्स्टाग्रामच्या आरंभापासून (ऑक्टोबर २०१०) धरतात. आशयाकडे पाहिल्यास मात्र तिचे दोन प्रवाह बरेच मागे नेता येतात.

पहिला प्रवाह चित्राचा. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडाच्या ठाणांवर रंगीत छापील तिकिटे चिकटवलेली असत. त्यांवर देवदेवता, हत्ती, मोर, राजेरजवाडे असत. अक्षर न ओळखणारे गिऱ्हाईकही चित्रावरून ‘तेच कापड’ मागू शके, आणि व्यापाऱ्याला तेवढेच हवे असे. अशा व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा ब्रिटिश कायदा १८७५ चा. त्याच काळात आपल्याकडे शिळाछापाची (दगडावरून छापलेली) चित्रे घराघरांत जाऊ लागली. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये चित्रशाळा काढली. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवाच्या चित्राखाली दुकानाचे नाव छापून ती दिनदर्शिका गिऱ्हाइकाला भेट देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा विसाव्याच्या आरंभी रुळली असावी. वर्षभर भिंतीवर राहणारे ते चित्र आणि आज रोज सकाळी फोनवर येणारी दुकानाची शुभेच्छा यांचे नाते उघड आहे. फरक इतकाच, की दिनदर्शिका भिंतीवरून उतरवायला डिसेंबर उजाडावा लागे.

दुसरा प्रवाह मजकुराचा. माल न विकता आधी उपयोगी वाचन द्यावे आणि त्यातून नाव रुजवावे, या कल्पनेचे जनकत्व कोणाकडे जाते यावर बराच वाद आहे. काहीजण अमेरिकी मुद्रक बेंजामिन फ्रँकलिनच्या पंचांगापर्यंत (१७३२) मागे जातात. परंतु ते पंचांगच त्याचा विक्रीचा माल होता, त्यामुळे हे मत ओढाताणीचे वाटते. अधिक मान्य मत असे, की अमेरिकेतील जॉन डिअर या नांगर तयार करणाऱ्या कंपनीचे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक (१८९५) हे पहिले ठळक उदाहरण होय. त्यानंतर फ्रान्समधील मिशलिन या टायर कंपनीची प्रवासमार्गदर्शिका (१९००) येते. मराठी अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटते, कारण लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखानाही लोखंडी नांगराचाच. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. ती आरंभी कारखान्याचीच पत्रिका होती, आणि तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते. पुढे ‘खबर’ गळून नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले, त्याला ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही भावंडे मिळाली, आणि कारखान्याच्या पत्रिकेतून मराठी मध्यमवर्गाचे वाचन घडले. दोन देशांत दोन नांगरवाल्यांनीच हे करावे, यात अनुकरणापेक्षा गरजेचे साम्य अधिक दिसते. नांगर वर्षानुवर्षांतून एकदा विकला जातो. मधल्या काळात शेतकऱ्याशी बोलत राहणे भाग असते. लग्नाच्या हंगामापुरती विकली जाणारी पैठणी इन्स्टाग्रामवर बारा महिने दिसते, त्याचे कारणही हेच आहे.

माध्यमांची घडण : चित्राचा आकार विक्रेता ठरवत नाही, माध्यम ठरवते. इन्स्टाग्रामवर ऑगस्ट २०१५ पर्यंत फक्त चौरस चित्र चाले. त्या चौकोनात उभा पदर मावत नसे, म्हणून घडी घातलेल्या साडीची चित्रे प्रचलित झाली असावीत. पुढे उभ्या चित्रांना वाव मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये खात्याच्या मुख्य पानावरील चौकटीच उभ्या झाल्या, आणि ज्यांनी आपले जुने चौरस पान अक्षरे-नक्षीसह जुळवून ठेवले होते त्यांच्या चित्रांच्या कडा कापल्या गेल्या. २०१६ मध्ये चित्रांचा क्रम वेळेऐवजी गणनविधीने (अल्गोरिदमने) लावला जाऊ लागला; तेव्हापासून अनुयायी कितीही असले तरी प्रत्येकाला प्रत्येक चित्र दिसतेच असे नाही. जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर रील्स (छोटी चलचित्रे) सुरू झाल्या. छोट्या दुकानदारांचा स्थिर चित्राकडून चलचित्राकडे मोठा कल तिथून दिसतो.

महाराष्ट्रातील लघुव्यवसायात प्रत्यक्ष सौदा मात्र बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरच होतो. व्यवसायांसाठीचे वेगळे व्हॉट्सअ‍ॅप भारतात जानेवारी २०१८ मध्ये आले. स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते. ब्रॉडकास्ट यादीतून (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या सोयीतून) पाठवलेला संदेश ज्याने विक्रेत्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच पोहोचतो. ‘आमचा नंबर सेव्ह करून ठेवा’ ही जवळजवळ प्रत्येक घरगुती फराळवालीच्या चित्राखाली दिसणारी ओळ या तांत्रिक अटीतून आलेली आहे.

रंग आणि प्रकाश : मालाचे चित्र आणि माल यांतील तफावत हे परतीचे मोठे कारण ठरते, आणि नाव तिथेच खराब होते. म्हणून या भागाचा तपशील देणे इष्ट. घरातील पिवळ्या दिव्याचे वर्णतापमान (उजेड पिवळसर की निळसर हे सांगणारे माप) सुमारे २,७०० ते ३,००० केल्व्हिन, तर दुपारच्या उजेडाचे साधारण ५,००० ते ५,५०० केल्व्हिन असते. डोळा हा फरक सहज पचवतो, कॅमेरा तितका पचवत नाही. दुकानात वरून दिवा आणि दारातून ऊन असे दोन्ही एकदम असले, की एकाच पदराची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर येते. अशा वेळी दिवे सरळ बंद करणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

फोनचा कॅमेरा पांढऱ्याचा समतोल (व्हाइट बॅलन्स) स्वतः साधतो. संपूर्ण चौकट लाल शालूने भरली तर ‘लाल फार झाला’ असे समजून तो लालच कमी करतो. साडीशेजारी एक पांढरा कागद ठेवून चित्र घेतल्यास हा दोष बराच आटोक्यात येतो. जांभळ्या छटांचा प्रश्न याहून अवघड आहे. वांगी रंग पडद्यावर अनेकदा निळा दिसतो, आणि डाळिंबी व राणी यांतले अंतर पुसले जाते. जरीचा धागा धातूचा. त्यावर समोरून फ्लॅश पडला की तो पांढराफटक होतो. खिडकीचा उजेड बाजूने, तिरपा घेतला तरच जरीचा सोनेरीपणा आणि विणीचा उठाव दिसतो.

धूपछाव पैठणीत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात, त्यामुळे पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलतो. एका स्थिर चित्रात हे दोन रंग मावूच शकत नाहीत. रीलमध्ये साडी हातावर घेऊन हळूच फिरवण्याची जी लकब सर्वत्र दिसते, तिचे मूळ या विणीत आहे; तिला केवळ फॅशन म्हणणे योग्य नव्हे.

खरेपणाचा पुरावा : हातमागाच्या अस्सल पैठणीत पदरावरील मोर, मुनिया (पोपट) वा आसावली (वेलफुले) ही नक्षी प्रत्येक रंगाचा वेगळा धागा एकमेकांत गुंतवून विणलेली असते, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. जाणकार आजी दुकानात पदर उलटून पाहत. आता विक्रेते चलचित्रात स्वतःच पदर उलटून दाखवतात. प्रस्तुत नोंदकाराच्या मते छोट्या व्यवसायाच्या चित्रांत याहून मोलाचे चित्र नाही. मोठ्या कंपनीकडे महागडी प्रतिमा विकत घेण्याचे बळ असते, लहानाकडे असते ती मालाची उलटी बाजू. मागावर बसलेले हात, अर्धी विणलेली साडी, रंगवलेल्या रेशमाच्या लडी या चित्रांचे बळही तेच. त्यांची सोबत करायला पैठणीचे भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या मालाची कायदेशीर ओळख (नोंदणी २०१० च्या सुमारास), केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने आलेले शुद्ध रेशमासाठीचे सिल्क मार्क (२००४) आणि हातमागासाठीचे हँडलूम मार्क (२००६) ही चिन्हे आहेत. हक्क नसताना ही चिन्हे चित्रावर चिकटवणे हा मात्र सरळ अपराध होय.

अक्षर आणि मजकूर : चित्रात कोरलेली अक्षरे शोधात सापडतीलच याचा भरवसा नाही, म्हणून साडीचा प्रकार, रंग, किंमत आणि गावाचे नाव चित्राखाली युनिकोडमध्ये (सर्व उपकरणांना वाचता येणाऱ्या अक्षरसंहितेत) लिहावे लागते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत तयार केलेला मजकूर चित्रात चालतो, पण उचलून खाली डकवला की निरर्थक चिन्हे उमटतात. अनेक फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची येतात; मराठी वाचकाला ती तत्काळ परकी वाटतात. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त, बालू यांसारखे विनामूल्य फाँट उपलब्ध असल्याने ही अडचण आता फारशी उरलेली नाही. भाषेविषयी एकच नोंद करावीशी वाटते : दुकानात जे बोलले जाते तेच लिहिलेले अधिक वाचले जाते. नारळी काठ, बुट्टी, भरजरी पदर हे शब्द असताना ‘प्रीमियम कलेक्शन’ लिहिल्याने माल कळत नाही.

कायदा : १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार छायाचित्राचा प्रथम हक्क काढणाऱ्याचा, मात्र मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे जातो. दुसऱ्या दुकानाचे चित्र उचलून आपले नाव टाकण्याची खोड म्हणूनच महागात पडू शकते. बोधचिन्हाची नोंदणी १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली होते व ती दहा वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पैसे वा भेटवस्तू घेऊन शिफारस करणाऱ्याने ते उघड सांगावे, असे जाहिरात मानक परिषदेचे निर्देश २०२१ पासून आहेत. घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते.

सामूहिक छाप : एका दुकानाची नाममुद्रा आणि एका गावाची वा समाजाची नाममुद्रा यांतील सीमा समाजमाध्यमांवर धूसर होते. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषवस्त्रांच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे दिसली आणि त्यांच्या मुळाचा उल्लेख नव्हता. त्या प्रदर्शनातील छायाचित्राशेजारी आपल्याकडच्या चपलेचे छायाचित्र ठेवून लोकांनी ती जोडी सर्वत्र पसरवली. कोल्हापुरीला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले होते. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे आहे. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले. भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे कंपनीने मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी, म्हणजे लिडकॉम आणि लिडकर यांच्याशी, कारागिरांकडून चपला करून घेण्याविषयी तिने करार केला.