लाकडी होडीची कूज आणि दुरुस्ती (गोवा)

जुन्या, लहान शिडाच्या होडीतील कुजलेली फळी, बरगडी, नाळेचे (पुढच्या टोकाचे) लाकूड किंवा डेकखालची तुळई कापून काढून त्या जागी निकोप लाकूड बसवण्याचे काम. गोव्यात मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या काठी आणि काणकोणपर्यंतच्या किनाऱ्यावर होडी बांधणारे मेस्त ते करतात. फायबरच्या होड्या आल्यापासून असे मेस्त कमी झाले आहेत.

कारणे. गोव्यातल्या होडीला समुद्रापेक्षा पाऊसच जास्त नडतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. तो ३० टक्क्यांच्या आसपास गेला आणि हवा मिळत राहिली, की तिला रान मोकळे मिळते. खारे पाणी तिला मानवत नाही. त्यामुळे रोज खाऱ्या पाण्यात बुडणारी तळाची फळी वर्षानुवर्षे शाबूत राहते आणि पाण्याला न लागणारी डेकखालची तुळई मात्र भुसा होऊन बसते. किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांतच. हे गोडे पाणी डेकच्या सांध्यांतून आत उतरते आणि काठपट्टीखाली, मागच्या आडव्या फळीच्या कोपऱ्यात, डोलकाठीचा बुंधा बसतो त्या खोबणीत साचून राहते. फळ्यांची टोके सर्वांत आधी जातात, कारण तिथे तंतू उघडे असतात आणि पाणी लांबवर आत ओढतात. म्हणूनच उभ्या होडीवर बसकी ताडपत्री घट्ट आवळून पावसाळा काढणे घातक ठरते. माडाच्या झावळ्यांचा, दोन्ही बाजूंनी वारा खेळता राहील असा जुना मांडव त्यापेक्षा कितीतरी बरा.

खाऱ्या पाण्याचा शत्रू वेगळा आहे. लाकूड पोखरणारा, किड्यासारखा दिसणारा पण मुळात शिंपल्यांच्या कुळातला प्राणी टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत बोटभर रुंद बोगदे करतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. बोगद्यांना आतून चुन्याचे पांढरे अस्तर असते, त्यामुळे करवत लागताच ओळख पटते. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे झाले की त्याचा जोर ओसरतो, म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा बुरशीचा जोर वाढतो.

परीक्षा. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेल्यास निकोप लाकूड टणत्कार देते आणि कुजलेले बद्द वाजते. संशयाच्या जागी आरी टोचतात; ती लोण्यात शिरावी तशी गेली तर प्रश्नच उरत नाही. रंगाला आलेले फोड, खिळ्याभोवतीचा काळा डाग, सांध्यातून उमटलेली गंजाची रेघ या खुणा रंग खरवडण्याआधीच टिपून ठेवाव्यात. कूज डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे तंतूंच्या दिशेने पसरलेली असते, म्हणून कापताना शेवटच्या मऊ जागेच्या बरेच पलीकडे जावे लागते. इथे कंजुषी करणारा मालक तीच दुरुस्ती पुन्हा करतो.

हंगाम. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि मालक मोकळा असतो. पण लाकूडकामाला हे दिवस सर्वांत वाईट. इपॉक्सीसारख्या गोंदाला लाकडात साधारण १२ टक्के ओलावा लागतो, आणि पावसाळी हवेत फळी तितकी वाळत नाही. बंदीत फक्त उघडावे, खरवडावे, तपासावे. नवे लाकूड कोरड्या महिन्यांत बसवलेले चांगले, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होडी लोटायची घाई असली तरी.

लाकूड. साग सर्वोत्तम. दमणला बांधलेली आणि १८४३ मध्ये पाण्यात उतरलेली ‘दोम फेर्नांदु दुसरा इ ग्लॉरिया’ ही पोर्तुगीज युद्धनौका सागाचीच होती. १९६३ मध्ये जळूनही तिचा सांगाडा पुढे जीर्णोद्धाराइतका उरला. लहान होडीला फणस चालतो. वाकड्या बरगड्यांसाठी किनाऱ्यावर आपोआप वाकडी वाढणारी उंडी उपयोगी पडते, कारण तिथे वळणासोबत तंतूही वळलेले असतात. आंबा स्वस्त आहे, पण लवकर कुजतो. स्वतःच्या परसातले झाड तोडायलाही १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते.

पद्धत. आधी होडीला खालून व बाजूंनी टेकू देऊन तिचा आकार बांधून ठेवतात. सगळ्या बरगड्या एकदम काढल्या तर जुनी होडी पसरते आणि मग कोणतीच नवी फळी बसत नाही. म्हणून एकाआड एक बदलतात. जुनी फळी न मोडता काढता आली, तर तीच नव्या फळीचा साचा होते. अर्धीच फळी बदलायची असल्यास तिरका जोड देतात: जाडीच्या आठपट लांब उतार, दोन्ही तोंडे रंध्याने एकजीव केलेली. शेजारशेजारच्या फळ्यांचे जोड एकाच रेषेत येऊ देत नाहीत. फळी वाकवायची तर वाफ देतात. २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक तास. साग तेलकट असल्याने गोंद लावण्यापूर्वी तो ॲसिटोनने पुसावा लागतो. लोखंडी खिळे टाळून तांब्याचे रिव्हेट वापरतात. लोखंड आणि तांबे एकाच ओल्या लाकडात ठेवले तर लोखंड झपाट्याने जाते. पितळही खाऱ्या पाण्यात ठिसूळ होते. सांध्यांत कापूस ठोसून वर राळ आणि तेलाचा लेप देतात. काजूच्या टरफलाचे काळे तेल हा इथला जुना, स्वस्त लेप. मात्र कातडीवर उडाले तर फोड येतात. पुन्हा पाण्यात उतरल्यावर होडी सुरुवातीला गळतेच. फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत पाणी उपसत राहायचे असते, तेव्हा घाबरून अधिक कापूस ठोसल्यास फुगणारी फळी बरगडीवरून उचलली जाते.

जुन्या फळ्यांच्या होडीवर बाहेरून फायबरग्लास चढवणे हा आजचा लोकप्रिय उपाय. तो बहुधा वाईट आहे. फळ्या हलत राहतात, कवच सुटते आणि मध्ये अडकलेले पाणी आपले काम करते. गोव्यातच बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ लाकूड आणि फायबरग्लास यांचीच होती, पण तिथे लाकूड पहिल्यापासून कोरडे व सीलबंद होते.

शिवलेल्या होड्या. रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) काही होड्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात. त्यांत खिळाच नसल्याने खिळ्याभोवतीची कूज नसते. झिजते ती दोरी. टाके कापून, फळ्या सुट्या करून, चांगल्या तेवढ्या ठेवून पुन्हा शिवता येते, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने एवढी सोयीची बांधणी दुसरी नाही. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी या होड्यांचा अभ्यास केला आहे. याच तंत्राने गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले.

प्लायवुडच्या शर्यतीच्या होड्यांत काम बरेच सोपे असते. कुजलेला तुकडा कापून आठपट उताराचाच तिरका जोड द्यायचा आणि कापलेल्या प्रत्येक कडेला इपॉक्सी पाजायचे. स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी ‘मरीन’ म्हणून विकले जाणारे सगळे प्लाय होडीला चालत नाही. आयएस ७१० (मरीन प्लायवुडचे भारतीय मानक) चा शिक्का पाहून घ्यावा.