चार ओळींची बातमी

‘रूळ ओलांडताना लोकलची धडक बसून अनोळखी इसमाचा मृत्यू. वय अंदाजे ३५, अंगात निळा शर्ट. आकस्मिक मृत्यूची नोंद.’ मुंबईच्या दैनिकांत आतल्या पानावर, नाटकांच्या जाहिरातींच्या शेजारी, या धाटणीची बातमी अधूनमधून दिसते. बहुतेकदा तीही नसते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, म्हणजे रोजची सरासरी सहा-सात. एवढ्यांची नावं छापायला जागा कुठून आणायची, असं डेस्कवरचा कुणीही उपसंपादक सांगेल.

९ जून २०२५ च्या सकाळी मात्र वेगळंच घडलं. मुंब्र्याजवळच्या वळणावर खच्चून भरलेल्या दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या आणि दारात लटकलेली माणसं घासली जाऊन रुळांवर पडली. मृतांचा आकडा एरवीच्या दिवसापेक्षा मोठा नव्हता. तरी दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर मुंब्रा होतं, दुसऱ्या दिवशी पान एकवरही तेच. कारण ही माणसं एकाच क्षणी, एकाच जागी पडली. एरवी कुणी सकाळी विरारला मरतं, कुणी दुपारी कल्याणला, कुणी रात्री मानखुर्दला. बातमी मृत्यूंची होत नाही, घटनेची होते.

आणि तीनच दिवसांनी, १२ जूनला, अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान कोसळलं. विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २६० जीव गेले. मुंब्रा मागे पडलं.

या ‘मागे पडण्या’चं मोजमाप करता येतं का? स्टॉकहोममधल्या थॉमस आयझेन्सी आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते केलं. १९६८ ते २००२ या काळातल्या जगभरच्या सुमारे ५,००० नैसर्गिक आपत्ती त्यांनी घेतल्या आणि त्यांतल्या कोणत्या अमेरिकेच्या टीव्हीवर झळकल्या, कोणत्यांना अमेरिकी सरकारची मदत गेली, हे तपासलं. यात एक मेख होती. मदत बातमीमुळे मिळाली, की आपत्तीच मोठी होती म्हणून बातमीही आली आणि मदतही? गुंता सोडवायची त्यांची युक्ती मला फार आवडते. त्या दिवशी टीव्हीवर दुसरं काय चाललं होतं, हे त्यांनी पाहिलं. रोजच्या बातमीपत्रातल्या पहिल्या तीन बातम्या किती मिनिटं खातात, हे मोजलं. ऑलिम्पिकचे दिवसही हिशेबात घेतले. शंभर मीटरची शर्यत कुणी जिंकली याचा दूरदेशीच्या पुराशी काहीएक संबंध नसतो. तरीही ऑलिम्पिक चालू असताना आलेल्या आपत्तीला मदतीची तेवढीच शक्यता हवी असेल, तर तिच्यात तिप्पट माणसं मरावी लागतात, असं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात निघालं.

त्याच निबंधातला दुसरा आकडा पचायला आणखी जड आहे. ज्वालामुखीत एक माणूस गेला की बातमी होण्याची जेवढी शक्यता, तेवढीच मिळवायला अन्नटंचाईत जवळजवळ ४०,००० माणसं मरावी लागतात.

का? टंचाई आणणारा दुष्काळ कोणत्या तारखेला पडला, सांगा बरं. पावसाने ओढ दिली, पेरणी वाया गेली, दुबार पेरणीसाठी कर्ज झालं, टँकर सुरू झाले, मग जनावरं बाजारात आली. यातल्या नेमक्या कोणत्या दिवशी थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन पाठवायची? योहान गाल्टुंग आणि मारी रूज या नॉर्वेजियन अभ्यासकांनी १९६५ मध्येच हे हेरलं होतं. घटनेचा वेग वृत्तपत्राच्या वेगाशी जुळला तर ती बातमी. त्यांचंच उदाहरण द्यायचं तर धरण बांधलं जात असतं तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, उद्घाटनाची मात्र बातमी येते.

विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या आत्महत्या अशाच संथ होत्या, एकेका घरातल्या. २००६ साली मुंबईत एका फॅशन सप्ताहाला पाचशेच्या वर पत्रकार हजर होते. तिथे मॉडेल सुती कपडे मिरवत होत्या, आणि तो कापूस पिकवणारे विमानाने तासाभराच्या अंतरावर जीव देत होते, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं. तिकडे बाहेरून गेलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते.

सगळं खापर संपादकांवर फोडणं सोपं आहे, पण वाचक तरी कुठे वेगळा असतो? डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. प्रश्नावली भरल्याबद्दल लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले काही उपासमारीसाठी द्याल का, असं विचारलं. काहींना आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांची आकडेवारी दाखवली. त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एका मुलीचा फोटो आणि माहिती दाखवली, त्यांनी २.३८ डॉलर दिले. तिसऱ्या गटाला दोन्ही दाखवलं, रोकियाही आणि आकडेही. देणगी वाढायला हवी होती, नाही का? ती १.४३ वर आली. आकडे नुसते कोरडेच असतात असं नाही, ते शेजारच्या चेहऱ्याची ओलही शोषून घेतात.

निळ्या शर्टातल्या त्या अनोळखी इसमाला चेहराही नसतो.

मुंब्र्याच्या अपघातानंतर त्याच दिवशी रेल्वेने जाहीर केलं, की मुंबईसाठी येणाऱ्या सगळ्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे असतील आणि जुन्या गाड्यांनाही ते बसवले जातील. वर्षानुवर्षं रोज एक-दोन माणसं दारातून पडत होती, तेव्हा अशी घाई झाली नव्हती. दरवाजे बसले तर हे मृत्यू थांबतीलही. मात्र लोकलखालच्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा आहे, आणि ते एकेकटेच जातात.