अर्धवट आलेली अक्कलदाढ

अक्कलदाढ साधारण 17 ते 25 या वयात येते. तोवर बाकीचे 28 दात ऐसपैस बसलेले असतात. मागे जागा उरली नसेल तर ती हाडात किंवा हिरडीखाली अडकते. बहुधा पुढच्या दाढेवर कललेली असते, कधी चक्क आडवी.

हाडात पूर्ण गाडलेली दाढ कित्येकदा जन्मभर गप्प राहते. खरा ताप अर्धवट बाहेर आलेलीचा. तिच्या माथ्यावर हिरडीची झडप उरते. झडपेखाली अन्न शिरतं, ब्रश पोचत नाही, जंतू वाढतात. झडप सुजली की वरची दाढ चावताना नेमकी तिच्यावरच आपटते आणि सूज आणखी वाढते. अँटिबायोटिकने ठणका थांबतो, पण झडप आहे तिथेच असते. म्हणून दुखणं फिरून येतं. तोंड उघडेना, गिळवेना, ताप चढला, तर लवंग चघळत बसू नका; संसर्ग गळ्यात उतरू शकतो.

दुसरं नुकसान मुकाट्याने होतं. कललेली दाढ जिथे टेकते, तिथे पुढच्या धडधाकट दाढेला मागून कीड लागते. पुढचे दात वाकडे होतात तेही हिच्यामुळेच, असं सर्रास म्हणतात. पण त्याला ठोस पुरावा नाही; निव्वळ त्या भीतीने दाढ काढण्यात अर्थ नाही.

काढण्याआधी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे, हवाच. खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्या नळीची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली दिसली, तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून नस आणि मुळांमधलं अंतर पाहतात. फारच खेटून असेल तर कधी नुसता माथा कापून मुळं आतच ठेवतात. एरवी हिरडी उघडून, थोडं हाड कोरून दाढ तुकड्यांनी काढतात. म्हणजे हाड कमी कोरावं लागतं.

नंतर जखमेवर गॉज (जाळीदार कापडाची घडी) अर्धा तास दाबून धरायचा. पहिले 24 तास चूळ, थुंकणं, स्ट्रॉ बंद. त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. सिगारेट तर जखम भरेपर्यंत नकोच. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. हा ड्राय सॉकेट. त्याला डॉक्टरांकडून औषधाची पट्टी भरून घ्यावी लागते.

अक्कलदाढेखालोखाल अडकतो तो वरचा सुळा. मूल दहा वर्षांचं झालं की ओठाच्या बाजूने हिरडीवर त्याचा उंचवटा बोटाला लागायला हवा. लागत नसेल तर तेव्हाच दाखवा. कधी दुधाचा सुळा वेळेत काढल्यानेच कायमचा आपली वाट धरतो.