मंडेलांची ती कविता आणि सहा नंबरची जर्सी

1995 च्या रग्बी विश्वचषकाआधी मंडेलांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार पिएनारला आपली तुरुंगातली आवडती कविता लिहून दिली आणि संघ जिंकला, हा किस्सा प्रेरणादायी भाषणांत वर्षानुवर्षं फिरतोय. तो आला 2009 च्या हॉलिवूडपटातून. प्रत्यक्षात मंडेलांनी दिला होता थिओडोर रुझवेल्ट यांच्या 1910 च्या पॅरिसमधल्या भाषणातला उतारा. कविता नव्हेच.

ही चूक तशी किरकोळ. खरी गफलत पुढे आहे: ‘त्या एका सामन्याने रग्बीतला वर्णभेद संपला.’ कसला संपतोय! 24 जून 1995 ला, अंतिम सामन्याच्या दिवशी, जोहान्सबर्गच्या एलिस पार्क मैदानावर मंडेला हिरवी जर्सी घालून उतरले, पाठीवर पिएनारचा 6 नंबर. पण त्या संघात गोरा नसलेला खेळाडू एकच, चेस्टर विल्यम्स. कसोटीत, म्हणजे रग्बीच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात, पहिला कृष्णवर्णीय कर्णधार मिळायला 2018 उजाडलं.

तो सिया कोलिसी. जन्म 16 जून 1991, झ्विडे या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला. त्याच्या जन्माच्या दुसऱ्याच दिवशी संसदेने माणसांची वंशवार नोंद करणारा कायदा रद्द केला. कर्णधार म्हणून त्याची पहिली कसोटीही एलिस पार्कवरच झाली आणि अंगात जर्सी तीच, 6 नंबरची. पुढे 2019 मध्ये योकोहामात इंग्लंडला 32-12 हरवून त्याने चषक उचलला, 2023 मध्ये पुन्हा. मंडेला 2013 मध्येच गेले होते. हे बघायला हवे होते ते.