संशय पांढऱ्या पेशींवर

1967 साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 12 रुग्णांची हकिगत छापली. कुणी अपघातात जबर जखमी, कुणाला विषाणूजन्य न्यूमोनिया, कुणाला स्वादुपिंडाचा दाह. पण एक्स-रेत सगळ्यांचीच फुप्फुसं पांढरी दिसत होती आणि कितीही ऑक्सिजन दिला तरी निळेपणा हटत नव्हता. 7 जण दगावले. यालाच पुढे एआरडीएस (अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम, म्हणजे श्वसनाचा तीव्र बिघाड) हे नाव पडलं. दुखणं पोटात आणि निकामी होतं फुप्फुस, हे कसं, याचा उलगडा मात्र व्हायचा होता.

एक धागा सापडला तो भलतीकडेच, डायलिसिसमध्ये. डायलिसिस सुरू होताच काही मिनिटांत रक्तातल्या न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटत आणि थोड्या वेळाने परतत. मधल्या वेळात त्या जात कुठे? 1977 मध्ये मिनेसोटाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की यंत्रातल्या सेलोफेनच्या पडद्याला रक्त लागलं की रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रतिकारशक्तीची प्रथिनं चेततात आणि या पेशी फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. तिथे जंतू नसले तरी!

पुढे एआरडीएसच्या रुग्णांची फुप्फुसं सलाइनने धुऊन तपासली, तर त्या द्रवातही न्यूट्रोफिलच न्यूट्रोफिल. त्यांची विकरं जंतूंबरोबर वायुकोशांच्या पातळ भिंतीही पोखरतात आणि आत पाणी झिरपतं. आरोपी पक्का झाला असं वाटत असतानाच केमोथेरपीने न्यूट्रोफिल जवळजवळ संपलेल्या रुग्णांनाही एआरडीएस होतो, असं आढळलं. मग नजर वळली वायुकोशात मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेज या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींकडे. न्यूट्रोफिलना सांगावा धाडणाऱ्यांत त्याही असतात.

दाह हेच मूळ, तर स्टेरॉइडने तो विझवायचा, हा सरळ हिशेब. तो 1987 च्या चाचणीत साफ चुकला: भरमसाट डोस देऊनही मृत्यू कमी झाले नाहीत. उपयोगी पडलं ते व्हेंटिलेटरचा जोर कमी करणं. 2000 सालच्या अमेरिकी चाचणीत व्हेंटिलेटर प्रत्येक श्वासाला आत ढकलतो त्या हवेचं माप निम्म्यावर आणताच मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 वरून 31 टक्क्यांवर आलं आणि रक्तातलं इंटरल्युकिन-6 हे दाह दाखवणारं प्रथिनही उतरलं. म्हणजे दाहात आपल्या यंत्राचाही हात होता.

2014 मध्ये जुन्या चाचण्यांची आकडेवारी पुन्हा चाळल्यावर रुग्णांचे दोन गट वेगळे दिसले, एक भडकलेल्या दाहाचा, दुसरा सौम्य. सगळ्यांना एकच औषध दिल्यावर निकाल गुळमुळीत येणार, यात माझ्या मते नवल नाही. 2020 मध्ये कोविडच्या, म्हणजे एकाच कारणाने आजारी पडलेल्या रुग्णांना ब्रिटनमध्ये रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं, तेव्हा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू 41 वरून 29 टक्क्यांवर आले. विषाणूजन्य न्यूमोनियात स्टेरॉइडचा कदाचित उपयोग होत असावा, अशी नोंद 1967 च्या त्या लेखातही आहे.