जहाजाचं गणित अडतं ते आकृतीपाशी, साइन कोसाइनपाशी नाही

एक जहाज बंदरातून ०५० बेअरिंगवर २० सागरी मैल गेलं, मग वळून १२० बेअरिंगवर ३० सागरी मैल गेलं, तर आता ते बंदरापासून किती लांब आणि कुठल्या दिशेला? असलं गणित दिसलं की बरेच जण थेट कॅल्क्युलेटर हातात घेतात आणि तिथेच फसतात, कारण यात कोसाइन रूल, म्हणजे त्रिकोणाच्या दोन बाजू आणि त्यांच्यातला कोन यांवरून तिसरी बाजू काढायचं सूत्र, हा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे. खरी डोकेफोड आहे ती त्रिकोणाच्या आतला कोन शोधण्यात, कारण तो गणितात दिलेलाच नसतो.

आधी बेअरिंग काय ते बघू. उत्तरेपासून सुरुवात करायची, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजत जायचं, आणि आकडा तीन अंकी लिहायचा. पूर्व म्हणजे ०९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. शाळेतल्या भूमितीत आपण कोन उजवीकडच्या आडव्या रेघेपासून उलट्या दिशेने मोजतो, इथे नेमकं त्याच्या विरुद्ध, त्यामुळे सवयीचा हात चुकीकडे जातोच. म्हणून नियम एकच, पण तो कटाक्षाने पाळायचा: जहाज जिथे जिथे वळतं त्या प्रत्येक बिंदूवर उत्तरेची उभी रेघ काढायची. फक्त बंदरावर काढून भागत नाही.

आता बंदर अ, वळायची जागा ब, शेवटची जागा क. ब वर उभं राहून मागे अ कडे बघितलं तर बेअरिंग काय? ५० अधिक १८०, म्हणजे २३०. आणि पुढे क कडे बघितलं तर १२०. दोघांतला फरक ११०, हाच त्रिकोणातला ब कोन. यात गंमत अशी की बहुतेक लोक १२० वजा ५० करून ७० घेतात. तो ७० खोटा नाही, जहाज तेवढंच वळलं आहे, पण तो बाहेरचा कोन झाला, अब ही रेघ पुढे वाढवली की दिसतो. आतला कोन म्हणजे १८० वजा ७०.

कोसाइन रूल लावा: २० चा वर्ग ४००, ३० चा वर्ग ९००, आणि ११० अंशांचा कोसाइन उणे ०.३४२, म्हणून वजा करायचं पद (२ × २० × ३० × कोसाइन) उलट ४१० ची भर घालतं. बेरीज झाली १७१०, वर्गमूळ ४१.४ सागरी मैल. ७० घेतला असता तर उत्तर २९.८ आलं असतं, म्हणजे जहाज एकूण ५० मैल गेलं, मागे फिरलं नाही, नुसतं थोडं वळलं, आणि तरी बंदरापासून ३० मैलही लांब नाही? कच्ची आकृती असली तरी हे डोळ्यांना खटकतं. त्यासाठीच ती काढायची.

दिशेसाठी साइन रूल, म्हणजे प्रत्येक बाजू भागिले तिच्या समोरच्या कोनाचा साइन हे उत्तर तिन्ही बाजूंना सारखंच येतं. अ चा कोन येतो साधारण ४३ अंश, म्हणजे बंदरातून जहाज ५० अधिक ४३, ०९३ बेअरिंगवर. परतायचं असेल तर १८० मिळवा, २७३. साइन रूलमध्ये एक खोच असते ती म्हणजे ४३ आणि १३७ या दोन्हींचा साइन सारखाच, कॅल्क्युलेटर फक्त लहान कोन दाखवतो. इथे ब आधीच ११० आहे म्हणून १३७ बसूच शकत नाही, पण दरवेळी नशीब असं साथ देईल असं नाही.

उत्तर तपासायचं असेल तर प्रत्येक टप्प्याचे दोन तुकडे करा, उत्तरेकडे किती आणि पूर्वेकडे किती. पहिला टप्पा उत्तरेला १२.९, पूर्वेला १५.३, दुसरा दक्षिणेला १५, पूर्वेला २६. बेरीज करून पायथागोरस लावला की तेच ४१.४ येतं. तीन चार टप्पे असतील तर मी तर हीच पद्धत घेईन, त्रिकोणामागून त्रिकोण सोडवत बसणं म्हणजे नसता ताप.

माझं सगळ्यात आवडतं गणित मात्र दीपस्तंभाचं, त्यात कॅल्क्युलेटरच लागत नाही. सरळ जाणाऱ्या जहाजावरून दीपस्तंभ नाकासमोरच्या रेघेपासून ३० अंशावर दिसला, ४ सागरी मैल पुढे गेल्यावर ६० अंशावर दिसला, तर आता तो किती लांब? बरोब्बर ४ सागरी मैल. ६० हा बाह्यकोन, तो आतल्या दोन लांबच्या कोनांची बेरीज, त्यातला एक ३० म्हणून दुसराही ३०, त्रिकोण समद्विभुज. कोन दुप्पट झाला की चाललेलं अंतर हेच उरलेलं अंतर. खलाशी ही युक्ती खरोखर वापरत आलेत, समुद्राचा प्रवाह मध्ये लुडबुड करत नसेल तर ती चोख चालते.

विमानाच्या गणितात वेगळाच सापळा. वाऱ्याची दिशा सांगतात ती तो जिकडून येतो ती, जातो ती नाही. विमानाला सरळ उत्तरेला जायचंय, हवेतला वेग २०० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), पश्चिमेकडून ४० नॉटचा वारा. इथे काटकोन असतो वारा आणि प्रत्यक्ष मार्ग यांच्यात, विमानाचं नाक आणि वारा यांच्यात नाही, म्हणून २०० हा कर्ण. ४० भागिले २०० म्हणजे साइन ०.२, कोन ११.५ अंश, नाक वाऱ्याकडे म्हणजे पश्चिमेकडे वळवायचं, साधारण ३४८ वर. जमिनीवरचा वेग १९६ नॉट.

हे सगळं सपाट कागदावर चालतं कारण अंतरं छोटी आहेत. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा जवळपास. हजारो मैलांवर मात्र पृथ्वीची गोलाई आडवी येते. उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरचे ९० अंश रेखांश अंतराचे दोन बिंदू जोडले तर त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन होतात, आणि प्रत्येक बाजू साधारण ५४०० सागरी मैल. तिथे आपला कोसाइन रूल चालत नाही, गोलावरचा वेगळा वापरावा लागतो.