साकारवाद

ज्ञानाला स्वतःचा आकार असतो आणि एक ज्ञान दुसऱ्याहून वेगळे ठरते ते या आंतरिक आकारामुळेच, असे मानणारे भारतीय प्रमाणशास्त्रातील (ज्ञानमीमांसेतील) मत. बौद्धांतील सौत्रांतिक आणि योगाचारांतील एक परंपरा याची पुरस्कर्ती. न्याय-वैशेषिक, भाट्ट मीमांसक व बौद्धांपैकीच वैभाषिक निराकारवादी, म्हणजे ज्ञानाला स्वतःचा आकार नाही असे मानणारे.

नाशिकच्या बाजारात हिरव्या आणि काळ्या द्राक्षांचे घड शेजारी मांडलेले असतात. डोळा तोच, उजेड तोच. तरी एक ज्ञान हिरव्याचे, दुसरे काळ्याचे कशामुळे? बौद्ध तार्किक धर्मकीर्ती प्रमाणवार्तिकात म्हणतो की इंद्रियादी कारणे सर्व ज्ञानांना सारखीच, म्हणून अमुक ज्ञान अमुक विषयाचे हे त्यांवरून ठरत नाही. ते ज्ञानातील विषयसारूप्यावरूनच, म्हणजे ज्ञानाने घेतलेल्या विषयासारख्या रूपावरूनच, ठरते.

मताचा उगम वादग्रस्त आहे. बौद्ध तार्किक दिङ्नागाने (इ. स. सु. ४८०–५४०) प्रमाणसमुच्चयात ज्ञानाचे विषयाभास (विषयाचे भासणे) आणि स्वाभास (ज्ञानाचे स्वतःचे भासणे) हे दोन पैलू मानले, म्हणून पुष्कळदा श्रेय त्याला दिले जाते. मात्र ज्ञान विषयाच्या सादृश्याने उत्पन्न होते, हा विचार वसुबंधूच्या, बव्हंशी सौत्रांतिक भूमिकेच्या, अभिधर्मकोशभाष्यातच आढळतो. त्यामुळे बीज सौत्रांतिकांचे व शास्त्रीय मांडणी दिङ्नागाची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. धर्मकीर्तीचा काळ सामान्यतः ७ वे शतक मानतात. अलीकडे काही अभ्यासक तो ६ व्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे नेतात.

द्राक्षांच्या त्या प्रश्नाला नैयायिक उदयनाचे उत्तर थेट आहे : ज्ञान निराकार असून त्यात भेद येतो तो विषयामुळेच. स्वप्न व भ्रम यांत विषय समोर नसतो, ही या उत्तराची अडचण. नैयायिक ती अन्यत्र पाहिलेल्या वस्तूच्या आधारे सोडवतात. परंतु साकारवादही येथे निर्धास्त नाही. ज्ञान कशाचे आहे हे आकार सांगतो. तोच आकार त्या क्षणी का उमटला, हे सांगत नाही. त्यासाठी सौत्रांतिक बाह्य वस्तूचे अनुमान करतो, योगाचार वासनांच्या (पूर्वीच्या ज्ञानांनी मागे ठेवलेल्या संस्कारांच्या) परिपाकाकडे वळतो. म्हणजे आकार ज्ञानाचा विशेष निश्चित करतो, त्याचे कारण पुरवत नाही. हा फरक पुष्कळ विवेचनांत निसटतो.

नाशिकच्या त्रिरश्मी (पांडव) लेण्यांशी या वादाचा संबंध जोडताना सावध राहावे. लेणे क्र. ३ वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षी, म्हणजे बहुधा इ. स. च्या २ ऱ्या शतकात, गौतमी बलश्रीने भदावनीय भिक्षूंना दिले. परंपरेनुसार हा निकाय (भिक्षुसंप्रदाय) पुद्गलवादी, म्हणजे व्यक्तीचे अस्तित्व मानणाऱ्या, वात्सीपुत्रीयांची शाखा. लेण्यांतील महायान मूर्ती पुढच्या, साधारण दिङ्नागाच्या काळाच्या आसपासच्या मानतात. पण शिलालेखांचा विषय दान हाच आहे, हा वाद नव्हे.

पुढे ११ व्या शतकाच्या सुमारास विक्रमशिला या बौद्ध महाविहाराच्या ज्ञानश्रीमित्राने साकार आणि रत्नाकरशांतीने निराकार पक्ष लढवला.